शून्य सापडले, पुढे काय?



स्मृतिव्याख्यान म्हटले की विषय ठरलेले असतात. संत, समाजसुधारक, राज्यघटना, फार तर मराठी भाषेचे भवितव्य. मी 'अवयवरूपातल्या बहुपदीची शून्ये' असा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी एकच गोष्ट विचारली, फळा लागेल का? मला ते फार आवडले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या मुलांना आयुष्यभर गणित शिकवले. त्यांच्या तसबिरीला हार घालणे झालेच आहे. आता नववी-दहावीचे थोडे बीजगणित करू.

सुरतेला मराठी मास्तर नवा नाही. व्याकरणकार दादोबा पांडुरंग १८४० च्या दशकात इथल्या इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि दुर्गाराम मेहताजी गुजराती शाळेत. १८४४ मध्ये या दोघांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून इथे मानवधर्मसभा काढली. सुरतेचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच १६६४ च्या स्वारीचे घोडे उधळतात. मास्तरांची ही १८४४ ची स्वारी मात्र कुणी सांगत नाही. असो.

तुमच्यातले बरेच जण लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली अशा भागांतून आला आहात आणि तुमची मूळ गावे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. म्हणून सुरुवातही तिकडूनच करतो. चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या डोंगरात पाटण आहे, पाटणादेवीचे. नवस फेडायला तिथे गेलेले इथे पुष्कळ असतील. त्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ पुढे शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला, आणि तिथल्या निकुंभ घराण्याने त्या मठाला दाने दिली, असे तो लेख सांगतो. वरचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी दानांचा हिशेब येतो तेव्हा मात्र दगड मराठी बोलायला लागतो. पैशाअडक्याची गोष्ट लोकांना समजायला हवी ना! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. बीजगणिताच्या अभ्यासासाठी दगडावर कोरलेली तरतूद आपल्या खानदेशात आहे, आणि त्या डोंगराचे पाणी गिरणेतून तापीत येऊन शेवटी आपल्याच पुलांखालून डुमसच्या समुद्राला मिळते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. सिद्धान्तशिरोमणी त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये लिहिला. त्यातल्या 'बीजगणित' या भागात वानरांची दोन गणिते आहेत. माझे आजचे सगळे म्हणणे त्या दोन गणितांच्या मधल्या फटीत बसते.

पहिले गणित असे. वानरांचा कळप आहे. कळपाचा जो आठवा भाग, त्याच्या वर्गाइतके वानर रानात उड्या मारत आहेत. उरलेले बारा टेकडीवर हूप हूप करत आहेत. कळप केवढा? कळपाला क्ष म्हणू. (क्ष/८)² + १२ = क्ष. दोन्ही बाजूंना ६४ ने गुणले आणि सगळे एका बाजूला आणले की

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

हे असे लिहिल्यावर क्षविषयी काही कळते का? मला तरी काही कळत नाही. ६४ आणि ७६८ या आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी कळप दिसत नाही. आता ज्यांचा गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ अशा दोन संख्या शोधा. १६ आणि ४८. मग तीच बहुपदी अवयवरूपात अशी होते:

(क्ष − १६)(क्ष − ४८) = ०

आता दोन्ही उत्तरे उघड्यावर आली. १६ घाला, पहिला कंस शून्य होतो. ४८ घाला, दुसरा. बहुपदीला असे शून्य करणाऱ्या संख्या म्हणजे तिची शून्ये. तिसरी कुठलीही संख्या घातली तर दोन्ही कंसांत काहीतरी शिल्लक राहते आणि शिल्लकेला शिल्लकेने गुणून शून्य येत नाही. पडताळा घ्या. १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, चार अधिक बारा सोळा. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, छत्तीस आणि बारा अठ्ठेचाळीस. दोन्ही कळप खरे. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे दिली आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. भास्कराचार्यांनी असे कंस पाडले नव्हते. त्यांची रीत वर्ग पूर्ण करण्याची. ती श्रीधराचार्यांकडून आल्याचे ते स्वतः सांगतात. दोन्ही बाजूंना १०२४ सारखी योग्य भर घालायची, डावीकडे (क्ष − ३२)² करायचे, उजवीकडे २५६ उरतात, आणि २५६ चे वर्गमूळ धन १६ आणि ऋण १६ असे दोन्ही. सगळे एका बाजूला आणून दुसऱ्या बाजूला नुसते शून्य ठेवायचे आणि डाव्या बाजूकडे कंसांचा गुणाकार म्हणून पाहायचे, ही लिखाणाची पद्धत फार पुढची. इंग्लंडमधल्या टॉमस हॅरियटच्या कागदांत ती ठळक दिसते. हॅरियट १६२१ मध्ये वारला, त्याचे बीजगणिताचे पुस्तक १६३१ मध्ये छापले गेले. पाठोपाठ १६३७ मध्ये देकार्तने आपल्या भूमितीच्या ग्रंथात समीकरणे अशा कंसांच्या गुणाकारातून कशी तयार होतात हे दाखवले. हॅरियट हे लिहीत बसला होता त्याच सुमाराला, १६०८ च्या ऑगस्टमध्ये, विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाज घेऊन आपल्या सुरतेच्या बंदरात उतरला. मसाल्याचे आणि कापडाचे भाव दोन्हीकडे पोचले. बीजगणित पोचायला आणखी दोनशे वर्षे लागली. भास्कराचार्यांचे 'बीजगणित' शाहजहानच्या काळात फारसीत गेले, त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये इंग्रजीत आणले, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने थेट संस्कृतावरून भाषांतर केले.

शून्याचे नियम त्याही आधीचे. ६२८ मध्ये भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तांनी, म्हणजे आजच्या भीनमाळच्या, गुजरातच्या वेशीपलीकडच्या माणसाने, शून्याला कशानेही गुणले तर शून्य असे लिहून ठेवले. आपण कंस सोडवताना त्याची उलटी बाजू वापरतो: गुणाकार शून्य असेल तर गुणकांपैकी एक तरी शून्य असलाच पाहिजे. मुले ही उलटी बाजू इतकी गृहीत धरतात की ती सिद्ध करावी लागते हेच विसरतात. सिद्धता एका ओळीची आहे. दोघांपैकी पहिला शून्य नसेल तर त्याने भागा, दुसरा शून्य निघतो. सगळी मदार 'भागता येते' यावर.

आणि भागता येत नसेल तर? झांपाबाजारच्या टॉवरचे घड्याळ डोळ्यांपुढे आणा आणि बारा म्हणजे शून्य असे समजून गणित करा. तीन चोक बारा, म्हणजे शून्य! तीन शून्य नाही, चार शून्य नाही, आणि गुणाकार शून्य. अशा घड्याळी गणितात (क्ष − ३)(क्ष − ४) ची शून्ये किती? तीन आणि चार तर आहेतच. पण क्ष = ७ घाला: ४ गुणिले ३, पुन्हा बारा. क्ष = ० घाला: ऋण तीन गुणिले ऋण चार, पुन्हा बारा. दोन कंस आणि चार शून्ये. शाळेत आपण ज्या नियमावर डोळे मिटून स्वार होतो तो आपल्या नेहमीच्या संख्यांचा गुण आहे, कंसांचा नाही.

आता वर्गात काय चुकते ते थोडक्यात. (क्ष + ५) दिसला की पोरगे ५ लिहून मोकळे होते. उत्तर ऋण ५. (२क्ष − ३) दिसला की ३ लिहिते, उत्तर दीड. ही हाताची घाई, ती पट्टीने नाही तरी सरावाने जाते. पण (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ हे गणित द्या. निम्मा वर्ग पहिला कंस आठ, दुसरा कंस आठ असे करून ११ आणि १३ आणतो. ही घाई नव्हे; शून्य का लागते हेच पोचलेले नाही. गुणाकार आठ व्हायला गुणकांपैकी एक आठ असावा लागत नाही. दोन चोक आठ, ऋण दोन गुणिले ऋण चार आठ, पाव गुणिले बत्तीस आठ, याला अंत नाही. शून्याचे तसे नसते. तिथे कुणीतरी एक शून्य असायलाच लागतो. म्हणून आधी आठ डावीकडे आणायचे, क्ष² − ८क्ष + ७ करायचे, मग (क्ष − १)(क्ष − ७). उत्तरे १ आणि ७. उजवीकडे शून्य आणणे हे मार्कांसाठी पाळायचे सोवळे नाही, त्यावाचून पुढचे पाऊलच पडत नाही.

आता वानरांचे दुसरे गणित. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा. तेवढे वानर गुहेत गेले. एक वानर फांदीवर दिसतो आहे. कळप केवढा? मांडले की क्ष² − ५५क्ष + २५० = ० येते, म्हणजे (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. शून्ये ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, तीन गेले सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचा एक. जमले. आता पाच घ्या. पाचवा भाग एक. त्यातून तीन वजा करा: ऋण दोन. वर्ग चार, आणि फांदीवरचा एक, एकूण पाच. समीकरण खूष आहे. पण वानरांच्या एका टोळीतून तीन वानर काढायचे आणि ऋण दोन वानर उरवायचे, हे कसे? भास्कराचार्य इथे थांबतात आणि दुसरे उत्तर घेऊ नये असे सांगतात. कारण गणिती नाही. प्रत्यक्ष मोजायच्या वस्तू ऋण झालेल्या लोकांना पटत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे.

पहिल्या गणितात दोन्ही शून्ये स्वीकारली, दुसऱ्यात एक नाकारले. दोन्हींची रीत तीच, समीकरणाचा चेहरामोहराही तोच. शून्य सापडणे आणि ते उत्तर म्हणून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम कंस करून देत नाहीत. आपल्या परीक्षांत पहिल्या कामाला तीन मार्क असतात आणि दुसऱ्याला फार तर अर्धा, तोही 'लांबी ऋण नसते' हे घोटलेले वाक्य लिहिले की मिळतो. मला हे प्रमाण उलटे हवे आहे.

ऋण उत्तर नेहमीच फेकायचे असते असेही नाही. 'बीजगणिता'वर सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर कृष्ण दैवज्ञ यांनी टीका लिहिली. हे घराणे मूळचे विदर्भातले, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, पुढे काशीला गेलेले. कृष्ण दैवज्ञांना जहांगीराच्या दरबारी मान होता; सुरतेहून आग्र्याला गेलेला हॉकिन्सही त्याच बादशहाच्या दरबारात खेपा घालत होता. कृष्ण दैवज्ञ म्हणतात की ऋण तीन जागी समजून घेता येते: दिशेत, काळात आणि वस्तूत. पूर्वेला धन धरले तर पश्चिम ऋण, पुढचा काळ धन धरला तर मागचा ऋण, मालमत्ता धन धरली तर देणे ऋण. म्हणजे ऋण पाच भेटला तर विचारायचे की हा पाच कशाचा? रुपयांचा असेल तर कर्ज आहे, चालेल. पावलांचा असेल तर मागे चाला. वानरांचा असेल तर नमस्कार करून पाठवून द्या.

आता सुरतेचे गणित करू. रिंगरोडच्या मार्केटमध्ये साडी पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते. ४० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापा आणि कडा उभ्या करा. खोक्याची उंची क्ष, लांबी ४० − २क्ष, रुंदी ३० − २क्ष. घनफळ:

क्ष(३० − २क्ष)(४० − २क्ष)

ही घनबहुपदी आयतीच अवयवांत मिळाली. कुणी ती मोडून ४क्ष³ − १४०क्ष² + १२००क्ष असे करत असेल तर त्याला थांबवा. शून्ये तीन: ०, १५ आणि २०. प्रत्येकाला बोलते करू. क्ष शून्य म्हणजे काहीच कापले नाही. पुठ्ठा जमिनीवर पसरलेला, उंची नाही. क्ष पंधरा म्हणजे रुंदीचा सगळा पुठ्ठा कोपऱ्यांतच गेला. तळ उरला नाही. ही दोन शून्ये खऱ्या खोक्याच्या दोन टोकांना आहेत, त्यांच्यामध्येच धंदा. आणि वीस? वीस सेंमीचे चौरस तीस सेंमीच्या रुंदीतून दोनदा कापायचे तर पुठ्ठाच पुरत नाही. कापड व्यापाऱ्याला हे सांगायला बीजगणित लागत नाही.

पण बीजगणिताला व्यापाऱ्याने सांगावे लागते. पहा. पंधरा आणि वीसच्या मध्ये एक कंस ऋण, म्हणून घनफळ ऋण. ते आपण लगेच फेटाळतो. वीसच्या पुढे दोन्ही कंस ऋण, आणि ऋण गुणिले ऋण धन! क्ष = २५ घाला: २५ गुणिले ऋण २० गुणिले ऋण १०, बरोबर ५०००. पाच हजार घन सेंटिमीटरचे खोके, ज्याचा तळ ऋण वीस बाय ऋण दहा आहे. खऱ्या पुठ्ठ्यातून मोठ्यात मोठे खोके क्ष साधारण ५.६६ सेंमी असताना मिळते आणि ते जेमतेम ३०३० घन सेंमीचे. म्हणजे अस्तित्वात नसलेले खोके असलेल्यापेक्षा दीडपटीहून मोठे. उत्तर धन आले म्हणजे खरे आले असे मानणाऱ्याला हे गणित जरूर द्यावे. ऋण उत्तर निदान दारातच ओळखू येते. दोन ऋणांनी मिळून केलेला धन मात्र सभ्य कपड्यांत आत येतो.

शून्यांच्या दोन्ही बाजूंना चिन्ह काय होते हे पाहण्यासाठी अवयवरूपासारखे दुसरे साधन नाही. वानरांच्या पहिल्या गणितातली बहुपदी १६ आणि ४८ च्या मध्ये ऋण असते. म्हणजे समजा कळप ३२ चा असता तर रानातले सोळा, टेकडीवरचे बारा, आणि चार वानरांचा पत्ता नाही. कळप ६४ चा असता तर रानात चौसष्ट आणि टेकडीवर बारा, म्हणजे हजेरीपटापेक्षा वानर जास्त. शून्ये ही हिशेब जुळण्याची ठिकाणे, आणि त्यांच्या मधली चिन्हे हिशेब कोणत्या बाजूने चुकतो ते सांगतात.

एकच अवयव पुन्हा पुन्हा आला तर? (क्ष + २)(क्ष − १)²(क्ष − ४) ही बहुपदी घ्या. शून्ये ऋण २, १ आणि ४. आलेख उजवीकडून वरून येतो, ४ पाशी क्ष-अक्ष ओलांडून खाली जातो. १ पाशी परत अक्षापर्यंत चढतो, टेकतो, आणि तसाच खाली परततो, कारण वर्ग दोन्ही बाजूंना धनच. चिन्ह बदलायला काही कारण नाही. ऋण २ पाशी ओलांडून वर. अवयवाचा घात सम असेल तर आलेख नुसता स्पर्श करतो, विषम असेल तर पार होतो. हे पाठ करण्याऐवजी १ च्या अलीकडची एक आणि पलीकडची एक संख्या घालून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

आता एक वाईट सवय, जी चांगल्या मुलांना असते. क्ष² = ५क्ष. दोन्हीकडचा क्ष काटला, क्ष = ५. झटपट. पण क्ष² − ५क्ष म्हणजे क्ष(क्ष − ५), आणि त्याची शून्ये दोन, ० आणि ५. काटताना आपण क्षने भागले, म्हणजेच क्ष शून्य नाही असे न विचारता ठरवून टाकले, आणि जे उत्तर होते तेच फेकले. या जागी मोठेही अडखळले आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक गणित आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले, ६३ आले, संख्या कोणती? भास्कराचार्य शून्याने गुणलेले आणि शून्याने भागलेले एकमेकांत उडवतात आणि १४ आणतात. आजच्या नियमांत हे बसत नाही. काही अभ्यासकांना त्यात अतिसूक्ष्म राशींच्या गणिताची चाहूल दिसते, असेल. दहावीच्या मुलाने मात्र क्ष काटू नये, बाहेर काढून ठेवावा. पहिल्या कामात, म्हणजे शून्ये गोळा करताना, कुणालाच दारातून परत पाठवायचे नसते. निवड नंतर.

अवयवरूपाचे मोल संगणकवाल्यांनाही उशिरा कळले. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या जेम्स विल्किन्सनने (क्ष − १)(क्ष − २) असे करत (क्ष − २०) पर्यंतच्या वीस कंसांचा गुणाकार घेतला. शून्ये १ ते २०, पहिलीतल्या मुलालाही सांगता येतील. मग कंस सोडवून बहुपदी पसरली. तिच्यात क्ष च्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक ऋण २१० येतो, आणि शेवटचे पद १ ते २० यांचा गुणाकार, एकोणीस अंकी संख्या. आता त्या २१० मध्ये त्याने एकाला ८३,८८,६०८ ने भागून येतो तेवढा बारीक फरक केला. सुरुवातीची लहान शून्ये जागची फारशी हलली नाहीत. पण वीसपैकी दहा शून्ये वास्तव संख्यांतून निघून संमिश्र संख्यांच्या पाच जोड्या होऊन बसली. कंसात लिहिलेले ज्ञान टणक असते. पसरले की वाऱ्यावर जाते. म्हणून गणित जर अवयवांत मिळाले असेल तर ते मोडू नका, हे मी खोक्याच्या वेळी म्हटले ते उगीच नव्हे.

अवयव आयते मिळत नाहीत तेव्हा ते शोधायला मात्र सरसकट रीत नाही. वर्गबहुपदीला सूत्र आहे, घन आणि चतुर्घात यांनाही सोळाव्या शतकात इटलीत सूत्रे सापडली. पाचव्या घातापासून तसले सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे १८२४ मध्ये नॉर्वेच्या नील्स आबेलने दाखवले. वयाच्या बाविसाव्या वर्षी!

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त घन आणि चतुर्घात यांचे एकेक उदाहरण आहे. घनाचे क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५. ते दोन्हीकडून ८ वजा करून (क्ष − २)³ = २७ करतात, आणि क्ष = ५. आपण अवयव पाडले तर क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ चे (क्ष − ५)(क्ष² − क्ष + ७) होते. दुसरा कंस वास्तव संख्यांत कधीच शून्य होत नाही. पाच एकटेच उत्तर, वाद नाही.

चतुर्घाताचे मात्र मजेचे आहे. एका राशीला दोनशेने गुणा, त्यात तिचा वर्ग मिळवा, दुप्पट करा, आणि हे त्या राशीच्या चतुर्घातातून वजा करा. दहा हजाराला एक कमी, ९९९९ उरतात. राशी कोणती? म्हणजे क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९. आधी सहज सुचणारी भर, ४००क्ष + १, घालून पाहावी तर डावीकडे (क्ष² − १)² असा वर्ग होतो, पण उजवीकडे ४००क्ष + १०००० उरतात आणि त्यांचे मूळ निघत नाही. हा फसलेला प्रयत्न भास्कराचार्यांनी ग्रंथात ठेवला आहे, आणि इथे नियम नाही, बुद्धी चालवावी लागते असे सांगितले आहे. मग त्यांनी दोन्हीकडे ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवले. डावीकडे (क्ष² + १)², उजवीकडे (२क्ष + १००)². मुळे घेतली, क्ष² + १ = २क्ष + १००, आणि त्यातून क्ष = ११. पडताळा: १४६४१ वजा २४२ वजा ४४००, बरोबर ९९९९.

आजच्या लिखाणात ती बहुपदी अशी उभी राहते:

(क्ष − ११)(क्ष + ९)(क्ष² + २क्ष + १०१)

तिसरा कंस म्हणजे (क्ष + १)² + १००, तो शंभराच्या खाली कधी येतच नाही, त्याला सोडून द्या. पण मधला कंस? भास्कराचार्यांनी ११ दिले आणि पुढचे गणित घेतले. ऋण नऊ त्यांनी दिले नाही. आता इथे वानर नाहीत, गुहा नाही, पुठ्ठा नाही. प्रश्न नुसत्या राशीचा आहे. ऋण नऊचा चतुर्घात ६५६१. त्यातून १६२ गेले, ६३९९. ऋण चारशे गुणिले ऋण नऊ म्हणजे धन ३६००, मिळवले, ९९९९. त्याला नाकारायला मला तरी प्रश्नात कुठे कारण सापडत नाही. मी ते घेतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.